शाकारणी शिमग्याआधी

बेळगाव भागात घराच्या वार्षिक डागडुजीची, म्हणजे शाकारणीची, वेळ ठरलेली आहे. वैशाख सरत आला, वळवाचे एकदोन सपकारे झाले, की माणसं शिड्या लावून छपरावर चढतात. फुटकी कौलं बदलतात, कुजलेल्या रिपा काढून नव्या ठोकतात, पन्हळीत साठलेला पाला खरवडून काढतात, पागोळ्या पडतात तिथली गटारं मोकळी करतात. वडगाव-शहापूरच्या जुन्या कौलारू घरांपासून जांबोटी-कणकुंबीच्या घाटमाथ्यापर्यंत हेच वेळापत्रक चालत आलं आहे आणि ते मृगाने ठरवून दिलं आहे. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस इतका कोसळतो की शाकारणी चुकली त्या घरात चार महिने सुखाने झोपता येत नाही. म्हणून या कामाची शिस्त आपल्याकडे पक्की आहे.

पण पावसाच्या आधी एक दुसरा ऋतू येतो आणि त्याची तयारी कोणी करत नाही. शिमग्याच्या आगेमागे सुरू होऊन चांगल्या वळवापर्यंत चालणारा हा वणव्याचा ऋतू. गवत वाळून खडखडीत झालेलं असतं, घाटातली पानगळ जमिनीवर पसरलेली असते, दुपारचा वारा सुटलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या पन्हळी आणि वळचणी वर्षभराच्या वाळक्या पाल्याने भरलेल्या असतात, कारण त्या साफ करायला अजून दोन-तीन महिने असतात. एवढ्यावर भागत नाही. पावसाळ्याची बेगमी याच काळात होते. सरपण फोडून भिंतीला रचलं जातं, शेणींचा हुडवा परसात उभा राहतो, भाताचं पिंजर आणि गवताची बणवी गोठ्याला लागून असते. पावसाला तोंड देण्यासाठी जमवलेली ही सारी सामग्री आगीच्या ऋतूत घराभोवती रचलेलं जळण ठरते. या लेखाचा मुद्दा तेवढाच आहे. आपली शाकारणी दोन-तीन महिने अलीकडे आणली पाहिजे आणि बेगमीची जागा बदलली पाहिजे. त्यासाठी जगात काय शिकलं गेलं, आपल्याकडे काय माहीत आहे आणि त्यातलं काय आपल्या घरांना लागू पडतं, याचा हा आढावा.

आधी आगीचा ऋतू. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था नोव्हेंबर ते जून हा काळ वणव्यांचा धरते. आपल्या भागात खरा धोका फेब्रुवारी ते मे असतो. संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक क्षेत्र वारंवार आग लागण्याजोगं आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक यांच्या २०१८ च्या संयुक्त अहवालाने सांगितलं की दर वर्षी देशातल्या जवळपास निम्म्या जिल्ह्यांत कुठे ना कुठे वन पेटतं. यातल्या बहुतेक आगींच्या मुळाशी माणूस असतो. विजेच्या कडकडाटाने पेटणारी जंगलं कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात. आपल्याकडे वीज येते ती बहुधा पावसाला सोबत घेऊनच. आपली कारणं आपल्या हातातली आहेत: तरव्याची जागा भाजताना हाताबाहेर गेलेला राब, ऊस तुटून गेल्यावर पेटवलेलं पाचट, काजूबागेतलं गवत जाळून ‘साफ’ करणं, मोहोळ काढणाऱ्यांची चूड, नवं गवत लुसलुशीत यावं म्हणून पेटवलेला डोंगर, रस्त्याकडेला फेकलेली विडी.

बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग या नकाशात ठळक आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्याच्या पोटात गवाळी, पास्टोली, आमगाव, देगाव, तळेवाडी यांसारखी गावं आहेत. त्या पलीकडे डोंगर उतरला की गोव्याचं म्हादई अभयारण्य. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्याच्या या बाजूच्या जंगलांत ठिकठिकाणी आगी लागल्या आणि त्या कित्येक दिवस धुमसत राहिल्या. शेवटी हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या लटकवून आणावी लागली. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्नाटकातल्या बंडीपूरला हेच झालं होतं. तमिळनाडूतल्या कुरंगणीला मार्च २०१८ मध्ये गवताळ उतारावरच्या वणव्यात डोंगर चढायला गेलेली वीसहून अधिक माणसं गेली. उतारावरची आग वर चढताना किती वेगाने धावते, हे त्या दिवशी देशाला कळलं. आगीच्या अभ्यासकांचा ठोकताळा असा की चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या गवताळ टेकडीच्या माथ्याकडे किंवा उतारावर ज्यांची घरं, गोठे, मळे आहेत त्यांनी हा ठोकताळा लक्षात ठेवावा.

या प्रत्येक घटनेनंतर हेक्टर मोजले गेले, झाडं आणि जनावरं मोजली गेली, चौकशा लागल्या. ते सगळं आवश्यकच होतं. पण जंगलाच्या कडेला राहणाऱ्याने आपलं घर कसं राखावं, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. २०१८ चा वणव्यांविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा मुख्यतः वनाचा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आगीवरच आहे. त्याचा रोख इमारतीच्या आत लागणाऱ्या आगीवर, जिन्यांवर, बाहेर पडायच्या वाटांवर आहे. बाहेरून, गवतातून चालत येणाऱ्या आगीपुढे कौलारू घर कसं टिकावं, याचं सोपं मार्गदर्शन गावकऱ्याच्या हाती कोणी दिलेलं नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती भरून काढायला फार खर्चही नाही.

आता वडगाव. हे बेळगाव शहराचं दक्षिणेकडचं उपनगर. विणकरांचं, हातमाग आणि यंत्रमागांचं, मंगाई देवीच्या यात्रेचं. जंगल इथून दूर आहे आणि त्यामुळे वणवा हा आपला विषय नाही, असं इथल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. पण आगीला झाडच लागतं असं नाही. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भात निघाल्यावर मसूर, हरभरा, वाटाणा होतो. तो काढला की मार्चपर्यंत सगळं रान कोरडं पडतं. बळ्ळारी नाल्याच्या काठचं गवत पुरुषभर उंच वाळून उभं असतं. शहर वाढत शिवारात शिरलं आहे आणि प्लॉट पाडून ठेवलेल्या मोकळ्या जागांत रानगवत माजलं आहे. त्यातच कोणी कचरा आणून टाकतो, कोणी तो पेटवतो. घरांच्या आतल्या बाजूला माग, सुताच्या लडी, कापसाची लव बसलेले वासे. निपाणीकडे सुताच्या जागी तंबाखू असतो, एवढाच फरक. गवतातून आलेली एक ठिणगी अशा घराला पुरते.

ठिणगी हा शब्द मी मुद्दाम पुढे आणतो आहे, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण तिच्याविषयीच आहे. बाहेरच्या आगीत घर तीन वाटांनी पेटतं. ज्वाला थेट भिडते, धग लांबून भाजते, किंवा वाऱ्यावर उडून आलेली ठिणगी एखाद्या फटीत, पाल्यात, गोणपाटावर बसते आणि हळूहळू फुलते. माणसाला भीती पहिल्या दोन गोष्टींची वाटते. घरं जास्त जातात ती तिसरीमुळे. जानेवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, सुमारे ५०० घरं जळाली. त्यांतली कितीतरी रानाला लागून नव्हती; काही गल्ल्या आत, हिरवळीच्या आणि डांबरी रस्त्यांच्या पलीकडे होती. आगीची रांग तिथवर पोचलीच नव्हती, ठिणग्या पोचल्या होत्या. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘काळ्या शनिवारी’ व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसं आणि दोन हजारांवर घरं गेली, तेव्हा पेटत्या सालींचे तुकडे मुख्य आगीच्या पुढे कित्येक किलोमीटर उडून नव्या आगी लावत होते.

अमेरिकेच्या वन खात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी हे वेगळ्या बाजूने सिद्ध केलं. कॅनडाच्या जंगलात प्रयोग म्हणून शेंड्यापर्यंत पेटवलेल्या झाडांसमोर त्यांनी लाकडी भिंती उभ्या केल्या, १०, २० आणि ३० मीटरवर. दहा मीटरवरच्या काही पेटल्या. वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे प्रचंड आगीची धगसुद्धा थोड्याच अंतरापर्यंत घर पेटवू शकते. पुढचा सगळा प्रश्न घराच्या आणि त्याच्या लगतच्या काही पावलांचा. मे २००० मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस इथली वणव्यात जळालेली घरं तपासताना त्यांना दिसलं की घर राख झालंय आणि शेजारचं झाड हिरवं उभं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जवळजवळ पुसलं गेलं, ८५ माणसं गेली, तिथेही हेच चित्र होतं. घरानेच घर पेटवलं.

आणि घराचा सगळ्यात कच्चा भाग कोणता? पन्हळ. दक्षिण कॅरोलायनातल्या रिचबर्ग इथे अमेरिकन विमा कंपन्यांचं एक संशोधन केंद्र आहे. तिथे पूर्ण आकाराचं घर उभारून त्यावर पंख्यांनी ठिणग्यांचा मारा करतात. वाळका पाला भरलेली पन्हळ तिथे हटकून पेटते. त्यातून निघालेला एक निष्कर्ष आपल्यालाही उपयोगी आहे. पीव्हीसीची पन्हळ आगीत वितळून लवकर गळून खाली पडते. खाली सरपण किंवा पाला असेल तर तो पेटतो. पत्र्याची पन्हळ जागेवर टिकते, पण तिच्यातला पाला जळत राहतो आणि ती ज्वाला छपराच्या कडेखालच्या लाकडाला चाटत राहते. म्हणजे कोणती पन्हळ चांगली हा वाद दुय्यम आहे. ती रिकामी हवी. रिकामी असेल तर मात्र पत्र्याची बरी.

ऑस्ट्रेलियाने हे ज्ञान नियमांत उतरवलं. वणव्याच्या पट्ट्यात घर बांधायचं तर ‘एएस ३९५९’ हे मानक पाळावं लागतं. जागेचा धोका सहा पायऱ्यांत मोजला जातो आणि त्यानुसार भिंती, काचा, छपराच्या फटी ठरतात. ठिणगी आत शिरू नये म्हणून झरोक्यांवर दोन मिलिमीटरहून मोठं छिद्र नसलेली धातूची जाळी सांगितली आहे. कॅलिफोर्नियाने घराच्या भिंतीपासूनचे पहिले दीड मीटर पूर्ण जळणमुक्त ठेवण्याकडे पाऊल टाकलं आहे. या दीड मीटरचा विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याला पैसा लागत नाही.

आता आपलं घर या कसोटीवर लावू या. भिंतींच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. जांभ्याची, विटांची, मातीची भिंत पेटत नाही. अमेरिकेतल्या लाकडी घरांपेक्षा ही मोठी जमेची बाजू. कौलही पेटत नाही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही खाचेत बसणारी कौलं पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. गवती छपरं हळूहळू गेली आणि आपल्याकडच्या गावजळिताचा धोका त्यामुळे किती कमी झाला असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण तो मोठा असणार. खानापूरच्या मातीने या धंद्याला हात दिला. तेव्हा छपराचा पृष्ठभाग मजबूत आहे. दुबळेपणा त्याच्या खाली आणि कडेला आहे.

वळचणीपाशी कौल आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट असते. तिथे चिमण्यांची घरटी, उंदरांनी ओढून नेलेलं पिंजर, कोळिष्टकं. त्यामागे वासे आणि रिपा, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड. आणि माळ्यावर जुनी गाठोडी, वह्या, पोती, गाद्या. ठिणगीला याहून चांगली जागा सापडणार नाही. दोन पाख्यांच्या मधल्या खोबणीत, म्हणजे जिथे घराला जोडून नवी खोली काढली आहे तिथे, आंब्या-फणसाचा पाला वीतभर साठतो. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला बांधलेले झाप आणि ताडपत्र्या उन्हाळ्यातही सोडलेल्या नसतात. वर ओथंबलेली फांदी. ही यादी वाचून प्रत्येकाने आपल्या घराभोवती एकदा फिरून यावं. सुधारायच्या जागा आपोआप दिसतील.

काम कसं करावं, तेही सांगतो. पन्हळ माघात साफ करावी, होळीच्या आधी. शिडी धरायला खाली दुसरं माणूस हवंच. कौलांवर पाय देऊन चढू नये, शिडी सरकवत सरकवत काम करावं. पाला कोरडा असताना निघतो सहज, म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वीच्या चिखलगाळापेक्षा सोपंच आहे. उतरत्या नळाच्या तोंडाशी गोळा झालेला गठ्ठा हाताने काढावा. फणस, आंबा, निलगिरी आणि रस्त्याकडेला सर्वत्र लावलेली अकेशिया यांची पानं मार्चभर पडत राहतात, म्हणून गुढीपाडव्याच्या सुमारास पुन्हा एक हात फिरवावा. निलगिरीच्या पाल्यात तेल असतं, तो भडकतो. ते झाड छपराजवळ असेल तर दर पंधरवड्याला बघावं. झरोक्यांना आणि वळचणीच्या फटीला बारीक तारेची जाळी ठोकावी. डासांची नायलॉनची जाळी चालणार नाही, ती वितळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काढलेला पाला अंगणात पेटवू नका. तो खतखड्ड्यात जाऊ द्या. साफसफाईचा ढीग पेटवणं हे आपल्याकडच्या आगींचं एक मोठं कारण आहे आणि घर राखायला निघालेल्या माणसाने तेच करावं, हे फार वाईट.

ऑस्ट्रेलियात आग जवळ येते आहे असं कळलं की उतरत्या नळाच्या तोंडात बोळा घालून पन्हळ पाण्याने भरून ठेवतात. आपल्याकडे चिंध्यांचा घट्ट बोळा आणि दोन-चार घागरी पाण्यात हे जमतं. वेळ असेल तरच करावं. त्यासाठी आगीच्या तोंडावर शिडीवर चढू नये.

बणवीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यात दर उन्हाळ्यात बणव्या जळतात. घर वाचतं, पण वर्षाची वैरण जाते. मग वैरण विकत घ्यायची ऐपत नसलेला शेतकरी जनावर बाजारात नेतो. बणवी गोठ्याजवळ रचण्याला कारण आहे. पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन लांबून पेंढ्या आणणं हाल करणारं असतं आणि रानातली बणवी चोरीला जाते. म्हणून ‘बणवी दूर न्या’ असं नुसतं सांगून भागणार नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी घर, गोठा आणि बणवी यांत किमान वीस-तीस पावलं मोकळी ठेवावीत. जागा नसेल तर एका मोठ्या बणवीऐवजी दोन-तीन लहान कराव्यात आणि त्या वेगवेगळ्या बाजूंना असाव्यात; एक पेटली तरी सगळी वैरण जाणार नाही. बणवीभोवती दोन-तीन हात रुंद पट्टा खरवडून मातीपर्यंत उघडा करावा. मार्च-एप्रिलात दुपारनंतर घाटाकडचा वारा सुटतो. बणवी घराच्या पश्चिमेला असेल तर तिची प्रत्येक ठिणगी छपराकडेच येईल, हे रचतानाच बघावं. ओलसर पिंजर दडपून रचलं तर आतून तापून धुमसू शकतं, म्हणून ते नीट वाळल्यावरच रचावं. विजेच्या तारांखाली बणवी कधीही नको. लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींवर आपटून ठिणग्या पडतात. तार सैल दिसली की गावाने हेस्कॉम या वीज कंपनीकडे लेखी अर्ज करावा आणि तो जानेवारीत करावा, आग लागून गेल्यावर नव्हे.

गोठ्याविषयी एकच सांगणं. दावणीला बांधलेलं जनावर पळू शकत नाही. दाव्याची गाठ ओढताच सुटेल अशी असावी आणि दाराशी कोयता टांगलेला असावा. साखळीने बांधायची सवय वणव्याच्या ऋतूपुरती तरी सोडावी.

राब आणि पाचट यांवर वर्षानुवर्षं बोललं जातं, मी थोडक्यात बोलतो. पाचट सरीत कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, ओल टिकते. जाळणं हा दोन्हीकडून तोटा आहे आणि ते थांबलंच पाहिजे. राबाची गोष्ट वेगळी. घाटमाथ्यावरच्या भातशेतकऱ्याने तण आणि किडीपासून रोप वाचवायला शोधलेला तो उपाय आहे आणि त्याला पर्याय न देता गुन्हेगार ठरवणं अन्याय आहे. पण राब सकाळी लवकर, वारा नसताना, चारही बाजूंनी पट्टा काढून, पाण्याची पिंपं जवळ ठेवून आणि विझेपर्यंत तिथे उभं राहून भाजता येतो. जुनी माणसं तो तसाच भाजत. आज हात कमी पडतात, मुलं शहरात, म्हणून राब पेटवून माणूस दुसऱ्या कामाला जातो. शेजारच्या घरांना आदल्या दिवशी सांगण्याची रीत पुन्हा सुरू झाली तर निम्मी काळजी मिटेल. होळीचंही तसंच. होळी गल्लीत पेटते ती छपरांपासून, तारांपासून, बणव्यांपासून लांब असावी आणि रात्री निखाऱ्यांवर पाणी पडलेलं असावं.

काही परदेशी सल्ले मात्र जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. काळ्या शनिवारी गेलेल्या १७३ पैकी शंभरहून अधिक जण घरांतच सापडले होते. चौकशी आयोगाने २०१० मध्ये ६७ शिफारशी केल्या आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियात ‘वेळेत निघून जा’ यावर भर आला. सप्टेंबर २०२२ पासून तिथे आगीच्या धोक्याच्या चार पायऱ्या रोज जाहीर होतात आणि लोक त्या पाहून निघतात. आपल्याकडे अशी रोजची सूचना घरोघर पोचत नाही. वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश नोंदणी केलेल्या मोबाइलवर पाठवते; कोणाही नागरिकाला नोंदणी करता येते आणि वनाकाठच्या प्रत्येक गावातल्या चार-पाच तरुणांनी ती करावी. पण त्या उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि तो ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. परसातल्या आगीची खबर त्याच्याआधी तुम्हालाच लागणार. बंब खानापुरातून किंवा बेळगावातून यायचा, आणि आमगाव-गवाळीचे रस्ते कसे आहेत हे सर्वांना माहीत आहे. म्हणून आपल्याकडे घर आधीच इतकं तयार हवं की थोडा वेळ ते स्वतःच्या बळावर टिकेल. म्हातारी माणसं, गरोदर बाया, मुलं यांनी मात्र धूर दिसताच निघावं; घर राखायला धडधाकट दोघे पुरेत, तेही सुटायची वाट मोकळी असेल तरच. अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. नायलॉन अंगाला चिकटतं. विजेवरच्या बोअरवेलवर भिस्त ठेवू नये, आगीत वीज सगळ्यात आधी जाते. भरलेली पिंपं, भिजवलेली गोणपाटं आणि हिरवे डहाळे हेच साधन खरं. गॅसची टाकी बंद करून बाहेर मोकळ्यावर न्यावी.

मेलबर्न, सिडनीकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना. तिथला उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो, म्हणजे दिवाळीची साफसफाई नेमकी आगीच्या ऋतूआधी पडते. ती फराळाच्या डब्यांपाशी न थांबता पन्हळीपर्यंत जावी. घर घेताना त्या जागेचा वणव्याचा दर्जा काय आहे, हे दस्तऐवजात बघून घ्यावं.

पैशांची बाजूही सोडून चालणार नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा योजना द्यावी लागते आणि तिच्यात वणव्याने झालेलं नुकसान धरलेलं आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरचा आणि दुचाकीचा विमा असतो, घराचा नसतो. कायद्याच्या बाजूने, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३० व्या कलमाने अभयारण्यात आग लावणं हा गुन्हा ठरवला आहे. पण गावकरी आणि वन खातं यांच्यात जमिनीवरून आणि स्थलांतरावरून इतका कडवटपणा साचला आहे की आग दिसली तरी फोन करायला माणूस कचरतो; आपल्यावरच नाव येईल अशी भीती वाटते. ती भीती काढण्याची जबाबदारी खात्याची आहे. ग्राम अरण्य समित्यांना नुसत्या कागदावर ठेवण्याऐवजी जानेवारीत गावाभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचं काम आणि त्याची मजुरी दिली, तर जंगलही वाचेल आणि घरंही.

ग्रामपंचायतींनी आणि बेळगाव महापालिकेने जानेवारीच्या बैठकीत तीन ठराव करावेत: मोकळ्या प्लॉटवरचं गवत मालकाने फेब्रुवारीअखेर कापावं, कचरा उघड्यावर पेटवण्यावर बंदी प्रत्यक्षात यावी, आणि वस्तीभोवती जाळरेषा निघावी. ठराव होवोत न होवोत, माघी पौर्णिमा ते होळी हा महिना आपल्या हातात आहे. त्या महिन्यातल्या एका रविवारी शिडी काढा, पन्हळ रिकामी करा, भिंतीजवळचं सरपण दीड मीटर मागे न्या, अग्निशमन दलाचा १०१ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक घरातल्या सर्वांकडून पाठ करून घ्या. शेजारी एकटी म्हातारी राहत असेल तर तिची पन्हळही त्याच दिवशी साफ करा.